साहेब, लिंकवर बोट टेकवलं की ती उघडू द्या : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी कोरेगावची, जिल्हा सातारा. टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं माझं छोटं दुकान आहे. मराठी ३० आणि इंग्रजी ४० मी मशीनवर पास झाले, ते खडखड वाजणारं मशीन, मग कॉम्प्युटर आला, एमएस-सीआयटी केलं, आणि आता दिवसभर लोकांच्या मोबाईलवर आलेली सरकारी पीडीएफ उघडून त्यात लिहिलेला पत्ता बघून बघून कॉम्प्युटरवर टाईप करणं हाच धंदा झालाय. वाचून टाईप करायचा, साहेब. २०२५ साल उजाडून गेलं तरी.

विषय एवढासाच आहे, वर्डच्या कागदात लिंक कशी टाकायची. हसू नका, यावर पण मंत्र्यांना पत्र लिहायची वेळ आलीय.

मागच्या ॲडमिशनच्या सीझनची गोष्ट सांगते. खटावच्या बाजूचे एक काका पोरीला घेऊन आले, एका शिष्यवृत्तीचं परिपत्रक होतं, कुठल्या ऑफिसचं ते सांगत नाही, कारण सगळीकडं हेच चाललंय आणि एकाच क्लार्कला बोलणी बसायला नकोत. शेवटचा दिवस, संध्याकाळपर्यंत मुदत. काका म्हणाले, "ताई, ह्यात लिहलंय बघा खाली दिलेल्या लिंकवर क्लिक करा, पोरगी सकाळपासनं बोट लावतीय, काय हूत न्हाई." मी बघितलं तर ते पानच फोटो होतं. म्हणजे कुणीतरी वर्डमध्ये टाईप करून, प्रिंट काढून, सही शिक्का मारून, ते मोबाईलच्या स्कॅनर ॲपनं परत पीडीएफ केलेलं, थोडं तिरकं, कोपऱ्यात अंगठा पण आलेला. फोटोतल्या लिंकवर बोट लावणं म्हणजे कॅलेंडरवरच्या आंब्याला चावण्यासारखं आहे.

मग बसले टाईप करत. पत्ता तीन ओळीत तुटलेला, ओळीच्या शेवटी आडवी रेघ होती ती पत्त्यातली का ओळ तुटल्याची ते कळेना. मधे एक अक्षर इंग्रजी एल का आकडा एक, दुसरं एक ओ का शून्य. पण खरी गोम निघाली वेगळीच. पत्त्याला खालून निळी अधोरेघ होती आणि पत्त्यात एका ठिकाणी अंडरस्कोअर होता, म्हणजे दोन अक्षरांमधली खालची आडवी रेघ, ती खालची रेघ आणि अंडरस्कोअर एकमेकात मिसळून गेलेले, त्यामुळं तिथं मोकळी जागा आहे असं दिसत होतं. पाऊण तास गेला साहेब. शेवटी एका शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाकडं तरी मूळ वर्डची फाईल होती ती मिळाली, त्यात लिंक चालू होती, निळी, जिवंत. म्हणजे टाईप करणाऱ्यानं काम बरोबर केलं होतं आणि पुढच्या प्रवासात ती मेली. पोरीचा फॉर्म गेला. तिच्या मागं लाईनीत एक पोरगा होता, त्याचा राहिला.

त्या दिवसापासून मी ही सगळी परिपत्रकं जरा निरखून बघायला लागले की लिंक मरते कुठं. तर तीन-चार जागा आहेत.

पहिली जागा आपली मराठीच आहे बघा. वर्डमध्ये पत्ता टाईप करून स्पेस किंवा एंटर मारलं की तो आपोआप लिंक होतो, हे चांगलंय. पण आपण मराठीत प्रत्यय चिकटवून लिहितो ना, "अमुक डॉट जीओव्ही डॉट इनवर अर्ज करावा", तो "वर" मधे जागा न सोडता पत्त्याला चिकटला की वर्ड स्पेस येईपर्यंत सगळंच पत्ता समजतो आणि वरसकट लिंक करून टाकतो. मग क्लिक केलं की पान सापडत नाही, आणि लोक म्हणतात साईट बंद आहे. साईट बंद नाही हो, व्याकरण चालू आहे. शुद्धलेखन शिकवणारे पुष्कळ भेटले, पण पत्त्यानंतर एक जागा सोडा हे कुणी शिकवलं नाही.

दुसरी जागा म्हणजे साहेबलोक. क्लार्क लिंक टाकतो, वरचे साहेब ड्राफ्ट बघतात आणि म्हणतात हे निळं कशाला दिसतंय, पत्रात निळं शोभत नाही, काळं कर. मग तो बिचारा राईट क्लिक करून लिंकच काढून टाकतो. अहो रंग काळा करायचा, लिंक ठेवायची, दोन्ही होतं की. रंगाचा आणि लिंकचा काही संबंध नाही.

तिसरी जागा पीडीएफ करताना. वर्डमध्ये फाईलमध्ये जाऊन सेव्ह ॲज किंवा एक्सपोर्ट करून पीडीएफ केली की लिंक शाबूत राहते. पण बऱ्याच ऑफिसात प्रिंटचं बटण दाबून तिथं प्रिंटरऐवजी "प्रिंट टू पीडीएफ" निवडायची सवय आहे, तसं केलं की दिसायला तीच पीडीएफ, पण लिंक गेलेली, नुसतं निळं अक्षर उरतं. काही मोबाईल ॲप अक्षरांवरून पत्ता ओळखून स्वतःच लिंक करतात, पण पत्ता दोन ओळीत तुटला की पहिलीच ओळ धरतात आणि अर्ध्या पत्त्यावर माणूस जाऊन पडतो. ज्यांच्याकडं लिब्रेऑफिस आहे, जे वर्डसारखंच पण फुकट आहे, त्यात "एक्सपोर्ट ॲज पीडीएफ" आहे, तिथं पण लिंक टिकते. म्हणजे पैशाचा पण प्रश्न नाही.

आणि चौथी जागा ती वर सांगितली, प्रिंट, सही, शिक्का, पेनानं जावक क्रमांक, आणि स्कॅन. मला कळतं ओल्या सहीशिवाय कागद खरा वाटत नाही. पण साहेब, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे, डिजिटल सहीला तेव्हाच मान्यता मिळाली. आणि आपल्याच शासन निर्णयाच्या शेवटी लिहिलेलं असतं की हा आदेश डिजिटल स्वाक्षरीनं साक्षांकित करून काढण्यात येत आहे. डिजिटल सही पीडीएफवरच होते, त्यात लिंक मरत नाही. मंत्रालयात जे होतं ते तालुक्याला का होऊ नये? आणि अगदीच ओली सही पाहिजेच असली तर स्कॅन कॉपीबरोबर मूळ पीडीएफ पण पाठवा, दोन फाईल, कुणाचं काय बिघडतंय.

आता शासन निर्णयाचंच निघालं म्हणून. वरती "वाचा :-" असं लिहून खाली जुन्या निर्णयांची यादी असते, क्रमांक आणि दिनांक. कधी तीन, कधी दहा. ग्रामसेवक, शिक्षक, पेन्शनर माझ्याकडं येतात आणि म्हणतात ताई त्यातला चार नंबरचा काढून द्या, कारण नव्या निर्णयात लिहिलंय "संदर्भ क्र. ४ मधील अट कायम राहील" आणि अट काय ते चारमध्येच आहे. बहुतेक वेळा त्या ओळीवर लिंक नसते. मग संकेतस्थळावर जा, विभाग निवडा, तारीख टाका. प्रत्येक निर्णयाला १८ आकडी संकेतांक असतो, फार चांगली सोय आहे ती, पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष महिना दिवसच, पण "वाचा"मध्ये तो संकेतांक सहसा देत नाहीत, जुना लांबलचक फाईल क्रमांक देतात. संदर्भाच्या त्या ओळीवर लिंक दिली आणि शेजारी १८ आकडे लिहिले तर उद्या साईट बदलली, लिंक तुटली, तरी आकड्यावरून शोधता येईल. साईट बदलतात हे आम्हाला माहिती आहे, दर दोन वर्षांनी बुकमार्क नवीन करावे लागतात. म्हणून नुसत्या लिंकच्या भरवशावर पण राहू नका असं मीच सांगते.

साहेब, आमच्याच जिल्ह्यात वाईला मराठी विश्वकोशाचं ऑफिस आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते, पहिला खंड १९७६ ला आला. त्याची पानं चाळली तर नोंदीत मधेच एखाद्या शब्दाआधी छोटा बाण दिसतो, म्हणजे या शब्दावर वेगळी नोंद आहे तिकडं जा, आणि शेवटी "पहा :" करून आणखी नावं. ही लिंकच झाली की, फक्त क्लिकऐवजी उठून दुसरा खंड काढायचा. इकडं अमेरिकेत टेड नेल्सननं १९६५ साली हायपरटेक्स्ट, म्हणजे लिंकांनी जोडलेला मजकूर, हा शब्द काढला, तिकडं टिम बर्नर्स-लीनं १९८९ ला युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत वेबचा प्रस्ताव मांडला, ते सगळं थोरच, पण वाचणाऱ्याला पुढं कुठं जायचं ते दाखवावं ही अक्कल आपल्याकडं कृष्णेच्या काठाला बसून कागदावर पण केलेली होती. त्या बाणाला विजेचं बटण लावायचं एवढंच काम राहिलंय, ते पण होईना.

क्यूआर कोडबद्दल थोडं. हल्ली परिपत्रकात लिंकऐवजी क्यूआर छापायची फॅशन आलीय. भिंतीवर चिकटवलेल्या कागदाला ठीक आहे. पण परिपत्रक आलंय मोबाईलवर, क्यूआर पण त्याच मोबाईलच्या स्क्रीनवर, मग तो स्कॅन कशानं करायचा? तरणी पोरं स्क्रीनशॉट काढून करतात काहीतरी, पण आबा लोक शेजाऱ्याचा मोबाईल मागून आपल्या मोबाईलवर धरतात, माझ्या दुकानात रोज हा कार्यक्रम असतो.

आणि ते "इथे क्लिक करा". माझ्याकडं एक दृष्टिहीन सर येतात, लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचं फुकटचं स्क्रीन रीडर वापरतात. इन्सर्ट आणि एफ सात दाबलं की ते पानावरच्या सगळ्या लिंकची यादी वाचून दाखवतं. एकदा त्यांनी मला ऐकवलं, "इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा." सर म्हणाले, ताई, कुठं क्लिक करू? त्याऐवजी "उत्पन्न दाखल्याचा नमुना", "अर्ज भरण्याचे पान" असे शब्द लिंक केले तर डोळस माणसाला पण बरंच आहे. केंद्र सरकारची सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २००९ पासून आहेत, त्यात पण लिंकचे शब्द अर्थ कळेल असे असावेत हेच धरलंय. मग ते साईटपुरतंच का, पत्राला का नाही.

कुणी म्हणेल लिंक दिल्या की फसवणूक वाढेल. खरंय, वर शब्द एक आणि आत पत्ता दुसराच असं करता येतं, व्हॉट्सॲपवर योजनेच्या नावानं एपीके फाईल, म्हणजे मोबाईलमध्ये ॲप बसवणाऱ्या फाईल, येतात आणि लोकांची खाती रिकामी होतात. पण लोक त्यात सापडतात कशानं? खऱ्या कागदातली लिंक उघडत नाही म्हणून ते गूगलवर योजनेचं नाव टाकतात आणि जे वर येईल ते उघडतात. मी गिऱ्हाइकाला सांगते, लिंकवर बोट जरा दाबून धरा, आतला पत्ता दिसतो, साईटचं नाव जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इनला संपतंय का बघा, नाहीतर हात लावू नका. खरी लिंक मिळाली तरच खोटी ओळखायची सवय लागणार ना.

करायला किती वेळ लागतो म्हणाल तर, शब्द सिलेक्ट करायचा, कंट्रोल आणि के दाबायचं, पत्ता पेस्ट करायचा, एंटर. वर्डमध्ये हेच, लिब्रेऑफिसमध्ये हेच, गूगल डॉक्समध्ये पण हेच. उघडते का बघायला वर्डमध्ये कंट्रोल दाबून क्लिक. त्याच चौकटीत ईमेल पत्ता टाकता येतो, आणि त्याच कागदातल्या दुसऱ्या जागी पण उडी मारता येते, म्हणजे साठ पानी योजना पुस्तिका असेल तर "परिशिष्ट ब पहा" वर बोट टेकवलं की थेट परिशिष्ट ब. मथळ्यांना हेडिंगची स्टाईल दिली तर अनुक्रमणिका वर्ड स्वतः करून देतो, ती पण क्लिक होणारी. आत्ता काय करतात, अनुक्रमणिका हातानं टाईप करतात, टिंब टिंब टिंब देत, मधे एक पान वाढलं की सगळे आकडे चुकतात आणि परत टिंबं मोजत बसतात.

म्हणून साहेब एकच मागणं आहे. नवीन पोर्टल नको, नवीन ॲप तर अजिबात नको, आहेत तीच मोबाईलमध्ये मावत नाहीत. एक साधं परिपत्रक काढा, की ऑफिसातून लोकांसाठी बाहेर पडणारा कागद वर्डमधून थेट पीडीएफ होऊन जाईल, त्यात लिंक चालू असतील, "वाचा"मधल्या प्रत्येक संदर्भाला लिंक आणि संकेतांक असेल, आणि पाठवणारा जावक नंबर टाकायच्या आधी स्वतःच्या मोबाईलवर प्रत्येक लिंक एकदा उघडून बघेल. क्लार्क लोकांना कुणी रागावू नका, त्यांना अर्धा तास शिकवा, आमच्या तालुक्यातले इकडं पाठवा हवं तर, मी शिकवते, चहा पण माझा.

हे पत्र मी वर्डमध्येच टाईप केलंय, आत चार लिंक टाकल्यात, चारही उघडून बघितल्यात आणि पीडीएफ एक्सपोर्ट करून आपल्या ऑफिसच्या ईमेलवर पाठवतेय. फक्त एक विनंती, "योग्य त्या कार्यवाहीसाठी" म्हणून पुढच्या टेबलावर देताना याची प्रिंट काढून, शिक्का मारून, स्कॅन करू नका. तशीच फॉरवर्ड करा.

आपली,
कोरेगावची एक टायपिंगवाली