ओमर याघींचं हायड्रोजनचं काम पण लोकांना सांगा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

२०२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल कितागावा आणि रॉबसन यांच्यासोबत ओमर याघींना मिळालं तेव्हा सगळीकडे त्यांच्या लहानपणाची गोष्ट वाचली, अम्मानमधलं निर्वासित पॅलेस्टिनी कुटुंब, घरात ना लाईट ना नळ, पंधराव्या वर्षी अमेरिका. गोष्ट मोठीच आहे पण मला त्यांच्या हायड्रोजन साठवण्याच्या कामाबद्दल जास्त वाचायचं होतं आणि ते कुठे फारसं आलंच नाही.

हायड्रोजनमध्ये वजनाच्या मानाने पेट्रोलच्या जवळपास तिप्पट एनर्जी असते पण साध्या प्रेशरला एक किलो गॅसला ११ हजार लिटरच्या वर जागा लागते, म्हणून तर गाडीच्या टाकीत तो हवेच्या दाबाच्या ७०० पट दाबून भरतात. याघींनी १९९९ मध्ये मॉफ-५ बनवलं, म्हणजे जस्त आणि कार्बनी रेणूंची जाळी, आतून इतकी पोकळ की दोन-तीन ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग मावतो! २००३ मध्ये त्यांच्या टीमने दाखवलं की हायड्रोजन या जाळीच्या आत चिकटून राहतो. अडचण एकच पण मोठी, पकड फार सैल त्यामुळे भरपूर साठवायचा तर उणे १९६ अंशांच्या आसपास थंड करावं लागतं, आणि पकड घट्ट केली तर गॅस बाहेर काढायला उष्णता द्यावी लागते. पंचवीस वर्षं हा माणूस अशा जाळ्या विणतोय. आपल्याकडे ग्रीन हायड्रोजनची (म्हणजे सूर्य-वाऱ्याच्या विजेवर पाण्यापासून बनवलेल्या हायड्रोजनची) एवढी चर्चा चालू आहे तर त्याच्या साठवणुकीवर रविवारच्या अंकात एक सविस्तर लेख नक्की द्या.

– विज्ञानाचा एक निवृत्त शिक्षक, सातारा