औरंगाबादचे मोगल दप्तर मराठीत आणा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन, मुंबई

महोदय,

औरंगजेबाचे राज्य धर्मासाठी चालले की महसुलासाठी, यावर आपल्याकडे वरचेवर खडाजंगी होते. पुरावे ठरलेले असतात : 1659 चे, जुनी देवळे पाडू नयेत असे सांगणारे बनारसचे फर्मान, 1669 चा देवळे पाडण्याचा हुकूम, 1679 चा जिझिया (मुसलमानेतरांवरचा कर). तिन्ही खरे आहेत. पण हे राज्य रोज कसे चालले ते सांगणारे दप्तर आपल्याच मुलखात, दख्खनच्या सुभ्यांच्या कारभारात तयार झाले आणि औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) साठले. शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले हे दीड लाखाच्या आसपास फारसी कागद आज हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहेत. तेलंगणाशी करार करून त्यांच्या प्रतिमा आणाव्यात आणि मराठीत सूची करावी, ही आमची मागणी आहे.

यातला सर्वांत बोलका कागद म्हणजे ‘अर्ज-ओ-चेहरा’, हजेरीच्या वेळी लिहिलेली चेहरेपट्टी. स्वाराचे नाव, बापाचे नाव, जात, मूळ गाव. मग वर्ण, भुवया, डोळे, तीळ, जखमेचा वण. त्याखाली घोड्याचा रंग आणि डागाची खूण. अशा पट्ट्या एकमेकींशी जुळवल्या की कोणाच्या पथकात कोण चाकरी करीत होते ते नावानिशी कळते. एक हजारी आणि वरच्या मनसबदारांत (मनसब म्हणजे आकड्यात ठरलेला शाही दर्जा) हिंदूंचे प्रमाण औरंगजेबाच्या पहिल्या वीस वर्षांत 22 टक्क्यांच्या आसपास होते. 1679 नंतर, म्हणजे जिझिया बसल्यावर, ते 32 टक्क्यांच्या आसपास गेले. ही वाढ मुख्यतः मराठा सरदारांची. यात औदार्य शोधू नये. दख्खन जिंकायची तर इथले सरदार फोडावे लागत आणि त्यांना मनसब द्यावी लागे. देवळे पाडणारा आणि मनसबा वाटणारा बादशहा एकच होता. यातली एकच बाजू पाठ्यपुस्तकात घालणे आम्हाला मान्य नाही.

जिझियाचेही तसेच. दर तीन : वर्षाला 12, 24 आणि 48 दिरहम, बायका, मुले, अपंग आणि निर्धन यांना माफी. पण 1704 मध्ये दुष्काळ आणि मराठ्यांशी चाललेली लढाई यांमुळे दख्खनपुरता तो माफ करावा लागला. विजापूर आणि गोवळकोंडा ही मुसलमानी राज्ये. त्यांच्यावर औरंगजेबाने चालून जाणे इस्लामी शास्त्राला धरून आहे असे म्हणायला मुख्य काझी शेख-उल-इस्लाम तयार झाला नाही. त्याने पद सोडले आणि मक्केची वाट धरली. मोहीम थांबली नाही. गोवळकोंड्याच्या कुतुबशहाने मादण्णासारख्या ब्राह्मणाच्या हाती कारभार दिला, हा दोष पुढे करण्यात आला. थकलेली खंडणी हाही तंटा होताच.

आता काम कसे बिघडते ते सांगतो. प्रतिमा घेताना फक्त पुढची बाजू घेतली जाते. मोगल कागदाचा अर्धा जीव पाठीवर असतो : शिक्के, दिवाणाची नोंद, कोणत्या कचेरीत कधी पोचला याची तारीख. म्हणून दोन्ही बाजू, शेजारी मोजपट्टी ठेवून, घ्याव्यात. दुसरे, रकमा सियाक पद्धतीत असतात. त्यात आकड्यांऐवजी अरबी संख्यानामांची आखूड रूपे लिहितात. नुसती फारसी येणारा माणूस तिथे हमखास चुकतो. तिसरे, ‘3000 सवार’ वाचून तीन हजारांची फौज मोजतात. प्रत्यक्षात चाकरी असलेल्या सुभ्यातच जहागीर असेल तर तृतीयांश, म्हणजे 1000 स्वार ठेवायचे; दुसऱ्या सुभ्यात असेल तर चौथाई, 750.

तारखांचा घोळ सर्वांत मोठा. हिजरी वर्ष चांद्र, महसुलाचे फसली वर्ष सौर, मराठी कागदांतले शुहूर मृगापासून, आणि औरंगजेबाचे जुलूस (राज्यारोहणाचे) वर्ष 1 रमजानपासून. त्यात इंग्रजी तारीख जुन्या की नव्या पंचांगाची, हा प्रश्न उरतोच. भिंगारला औरंगजेब वारला तो दिवस 28 जिल्काद 1118; कुठे 20 फेब्रुवारी 1707 छापतात, कुठे 3 मार्च. दोन्ही बरोबर. सूचीत म्हणून मूळ तारीख जशीच्या तशी लिहावी, रूपांतर वेगळ्या रकान्यात द्यावे.

माणसे घडवल्याशिवाय यंत्रे घेऊ नका. शिकस्ता (घाईने लिहिलेली जोडाक्षरी फारसी) लिपी आणि सियाक हाताखाली बसून शिकायला किमान दोन वर्षे लागतात, तोवर विद्यावेतन हवे. फारसी वाचणारा आणि मोडी वाचणारा अशी जोडी बसवावी, कारण देशमुख-देशपांड्यांच्या कागदांत एकाच पानावर दोन्ही लिप्या येतात.

सुरुवात जुलूस सन 30 आणि 31 च्या कागदांपासून करावी. सप्टेंबर 1686 ला विजापूर पडले, सप्टेंबर 1687 ला गोवळकोंडा. पडलेल्या दरबारांचे सरदार कोणत्या मनसबीवर घेतले, त्यांना कोणत्या परगण्यात जहागीर मिळाली, तिची कागदावरची जमा (ठरवलेला महसूल) किती आणि हाती आलेला हासिल (प्रत्यक्ष वसूल) किती, याचा शोध या दोन सनांच्या कागदांत घ्यावा. प्रस्ताव आपल्याच पुराभिलेख संचालनालयाकडून हैदराबादला जायला हवा. खासगी अभ्यासकांच्या अर्जांनी हे काम होणार नाही.

आपले,
फारसी आणि मोडी कागदांचे अभ्यासक