राजधानी हलवणार, शहराचं काय?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

आशिया उद्याची महासत्ता वगैरे लेख सारखे येतात, पण इंडोनेशियाची राजधानी जकार्ता, तिच्याबद्दल कोणी धड लिहीत नाही. तिथे घरोघरी नळाचं पाणी पोचलं नाही म्हणून लोकांनी, हॉटेलवाल्यांनी, मॉलवाल्यांनी बोअर मारून जमिनीखालचं पाणी उपसलं आणि शहरच खचायला लागलं, उत्तरेकडचे काही भाग तर एकेकाळी वर्षाला २० सेंटीमीटरपर्यंत खाली गेले. शहराच्या उत्तर टोकाला मुआरा बारूला समुद्राच्या भिंतीपलीकडे एक मशीद अजून उभी आहे, पाण्यात, नमाज केव्हाचाच बंद पडलाय. आणि सरकारने काय केलं, तर २०१९ ला जाहीर केलं की राजधानीच बोर्निओ बेटावर नेणार, नवं शहर, नुसांतारा! म्हणजे मंत्रालयं जाणार आणि कोटीभर माणसं तिथेच राहणार. (तिकडच्या बालिक आदिवासींच्या जमिनीचं काय, तो वेगळाच घोळ.) आता राष्ट्राध्यक्ष प्रबोवो जावा बेटाच्या (जकार्ता तिथेच) किनाऱ्यावर समुद्र अडवायला अवाढव्य भिंत बांधायचं म्हणतायत. बांधा की, पण आधी घरात नळ द्या आणि बोअर बंद करा ना! टोकियोने साठ-सत्तरच्या दशकात उपशावर बंधनं घातली आणि खचणं जवळपास थांबलं, तेही आशियातच आहे.

– एक वाचक, सातारा