फ्युमिचिनो ते चिवितावेक्किया : अनामिकांचे आभार

रोमच्या फ्युमिचिनो विमानतळाजवळील हॉटेलातून चिवितावेक्किया बंदराकडे निघालेला आमचा पुण्याचा १४ जणांचा गट, आगाऊ ठरवलेली बस न आल्याने दारातच अडकला होता. त्या दिवशी ज्यांनी आम्हांला वेळेत जहाजावर पोहोचवले, त्यांची नावे विचारण्याचेही भान आम्हांला राहिले नाही, म्हणून हे जाहीर आभार.

हॉटेलच्या स्वागतकक्षातील ताईंनी आपली कामाची पाळी संपलेली असतानाही थांबून आम्हांला कागदावर लिहून दिले की, थेट रोमच्या तेर्मिनी या मुख्य स्थानकाला जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस ही गाडी घेऊ नका, ती त्रास्तेवेरे स्थानकाला थांबत नाही. साधी लोकल घ्या, त्रास्तेवेरेला गाडी बदला आणि गाडीत चढण्यापूर्वी कागदी तिकिटावर यंत्रातून शिक्का मारून घ्या. (तो शिक्का आम्ही हमखास विसरलो असतो!) त्रास्तेवेरेच्या जिन्यापाशी आमच्या २० बॅगांचा ढीग पाहून धीर सुटला, तेव्हा दोन तरुणांनी, आमची भाषा त्यांना आणि त्यांची आम्हांला कळत नसताना, सगळ्या बॅगा वर नेल्या आणि देऊ केलेले लाडूही संकोचाने एकेकच घेतले. पुढे चिवितावेक्कियात, लार्गो देल्ला पाचे या बसथांब्याहून जहाजांकडे जाणाऱ्या मोफत बसच्या चालकदादांनी, गुडघेदुखीने मागे पडलेल्या आमच्या मावशी पोहोचेपर्यंत बस थांबवून ठेवली.

हा मजकूर त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता फारशी नाही. तरीही आम्हा सर्वांच्या, आणि विशेषतः मावशींच्या वतीने, त्यांचे मनःपूर्वक आभार.