केंद्राध्यक्ष मॅडम, तुम्ही काकांनाच विचारलंत

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी, विधानसभेच्या मतदानाला, कराड तालुक्यातल्या तुमच्या केंद्रावर एक अंध काका पुतण्याचा हात धरून आले. पुतण्याने सवयीनं चिठ्ठी पुढे केली आणि बोलायला सुरुवात केली. तुम्ही मात्र काकांकडे वळून विचारलंत, "काका, बटण तुम्ही स्वतः दाबणार, की सोबत कुणी हवंय?"

आजवरच्या एकाही मतदानात हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्याबद्दल तुमचे आभार कसे मानावेत, अजून सुचत नाही.

याआधी दुसऱ्या एका केंद्रावर त्यांना न विचारताच सोबत्याचा फॉर्म भरला गेला. ब्रेल मतपत्रिका, म्हणजे बोटांनी वाचायची उमेदवारांची क्रमवार यादी, मागितली तर उत्तर आलं, "साहित्यात असेल कुठंतरी." असतेच ती. पण सकाळी पाकीट फोडायचं राहतं आणि रांग वाढली की शोधायला सवड नसते. त्यात गैरसमज असा की अंध मतदार म्हणजे सोबती हवाच. निवडणूक संचालन नियम १९६१ मधला नियम ४९-एन तसं म्हणत नाही. मतदाराला चिन्ह ओळखता येत नसेल किंवा मदतीशिवाय मत नोंदवता येत नसेल, तरच सोबती. तोही किमान १८ वर्षांचा, त्या दिवशी एकाच मतदाराला मदत करणारा, गुप्तता पाळण्याचं लिहून देणारा.

तुमच्या टेबलावर ब्रेल पत्रिका आधीच काढून ठेवलेली होती. काकांनी ती बोटांनी वाचली, दोनदा वाचली. मागं रांग चुळबुळत होती, तरी तुम्ही घाई केली नाहीत. बॅलट युनिटवर निळ्या बटणांशेजारी १ ते १६ असे ब्रेल आकडे असतात, उमेदवाराचा क्रमांक लक्षात ठेवला की बटण सापडतं. काका कक्षात एकटे गेले. बीप वाजेपर्यंत तुम्ही पुतण्याला जागेवरून हलू दिलं नाहीत. मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठी मात्र काचेमागं ७ सेकंद दिसते आणि अंध मतदाराला ती पडताळता येत नाही. ही उणीव यंत्राची आहे, तुमची नाही.

आणि तो रॅम्प! दोन पायऱ्या मिळून फूटभर उंची, म्हणजे १:१२ उताराला १२ फूट लांबी हवी. एरवी चार फुटी फळी टाकून मोकळे होतात आणि व्हीलचेअर मागं कलंडते. तुम्ही आदल्या संध्याकाळीच फळी काढायला लावून उतार लांबवून घेतलात.

माणसाबद्दल त्याच्या सोबत्याशी बोलायचं नाही, त्याच्याशीच बोलायचं, ही साधी रीत आहे. ड्युटीच्या धबडग्यात ती सांभाळणारी माणसं आहेत, हे पाहून फार बरं वाटलं.

बाहेर आल्यावर पुतण्यानं विचारलं, "कुणाला दिलं?"

काका म्हणाले, "ते सांगायचं नसतंय."

आपले,
दिव्यांग मतदारांसोबत काम करणारे कार्यकर्ते, कराड