माननीय आरोग्यमंत्री, तिसरी तारीखही गेली

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स.न.वि.वि.

आज माझ्या ९ महिन्यांच्या मुलीचं ऑपरेशन तिसऱ्यांदा पुढे ढकललं. पहाटे ४ पासून तिला पाजलं नव्हतं. रडून रडून तिचा आवाज बसला, तेव्हा ११ वाजता सिस्टर सांगत आल्या, भूल देणारे डॉक्टर आज नाहीत, तारीख फोनवर कळवू. मार्चमध्ये हेच ऐकलं, मेमध्येही हेच.

तिच्या डाव्या पायाला घोट्याच्या वर जन्मतःच सुतळी करकचून बांधावी तशी गोल खाच आहे. डॉक्टर त्याला कन्स्ट्रिक्शन बँड म्हणतात. खाली पाऊल फुगलेलं. बारशाला मामाने आणलेल्या चांदीच्या वाळ्यांपैकी एकच पायात गेला. गर्भाच्या पिशवीतल्या पातळ पडद्याचे धागे सुटून हातापायाला गुंडाळले जातात, हे आनुवंशिक नाही, आईची यात चूक नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. तरी सासरी विचारतातच, ग्रहणात विळी चालवलीस का? तारीख पुढे गेली की हे पुन्हा सुरू होतं, साहेब.

उपाय आहे. खाच कापून काढायची आणि कातडी नागमोडी शिवायची, म्हणजे व्रण आक्रसून पुन्हा कडं होत नाही. काही डॉक्टर एका वेळी अर्धंच कडं सोडवतात, उरलेलं काही आठवड्यांनी. म्हणजे आम्हाला एक नाही, दोन तारखा लागतील! उथळ खाचेला थांबता येतं, सूज असेल तर थांबू नये, हे तुमच्याच डॉक्टरांनी सांगितलंय.

मुलांना तपासून मोफत उपचार देणारा सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला, तेव्हा पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. त्याच्या यादीत वाकडं पाऊल आहे, फाटलेला ओठ आहे, आमच्या मुलीचा आजार नाही. खिडकीवरचे गृहस्थ यादीवर बोट फिरवून म्हणाले, "यात बसत नाही." हा आजार १२०० बाळांत एकाला होतो म्हणा नाहीतर १५,००० त एकाला, जिल्ह्यातल्या जन्मांशी गुणून बघा, अशी किती पोरं घरात बसून असतील!

खासगीत दीड लाख सांगितले. नवरा रिक्षा चालवतो. दिव्याहून सकाळच्या लोकलने मी तिला नेते, गर्दीत पाऊल चेंगरू नये म्हणून ते मुठीत धरून उभी राहते. घोडबंदरला मेट्रोचे खांब उभे राहतात, त्याला पैसा मिळतो. लहान मुलांना भूल देणारा दुसरा डॉक्टर नेमायला मिळत नाही? मतं मागायला आमच्या चाळीत चारदा येता, मग आमची पोरं आजारी पडल्यावर कुठे असता?

मुलीला लेखी तारीख द्या. त्या दिवशी एक डॉक्टर रजेवर गेला तर दुसरा हजर ठेवा. हा आजार यादीत घाला.

रोज रात्री शिवणाच्या टेपने मी दोन्ही पावलांचा घेर मोजून वहीत लिहिते. उजवं ११ सेंटिमीटर. डावं मार्चमध्ये साडेबारा होतं, काल रात्री १४ भरलं. वही जपून ठेवली आहे. मागवा, मी स्वतः घेऊन येईन.

आपली,
दिव्यातली एक आई