पाटी लावली म्हणजे नाव आपलं होत नाही

संपादक साहेब, आमच्या नौपाड्यात घरगुती मसाले, पोळीभाजी विकणाऱ्या कितीतरी ताया आहेत, गुमास्ता (दुकानाची सरकारी नोंदणी) काढला, पाटी लावली की नाव आपलं झालं असंच वाटतं सगळ्यांना, पण तसं नाहीये हो! नावावर पक्का हक्क हवा तर ट्रेडमार्क (धंद्याच्या नावाची वेगळी सरकारी नोंदणी) करा, छोट्या धंद्याला ऑनलाइन फी एका क्लासला, म्हणजे मालाच्या किंवा सेवेच्या एका वर्गाला, ४५०० रुपये, १० वर्षं चालतो. रिन्यूअलचे ९०००, मुदत संपायच्या आधीच्या वर्षभरात भरायचे, राहिलंच तर पुढे ६ महिने जादा फी देऊन.

आणि थोडेच कामगार असतील (२०१७ मध्ये कायदा आला तेव्हा ही मर्यादा १० पेक्षा कमी होती) तर महाराष्ट्राच्या दुकाने कायद्यात गुमास्त्याला रिन्यूअलच नाही, नुसती ऑनलाइन माहिती द्यायची. तरी काही एजंट त्याचेही पैसे उकळतात, फार संताप येतो. कामगार खात्याने हे मराठीत मोठ्या अक्षरात मार्केटमध्ये लावावं.

एक दुकानदार, ठाणे